माशीवर दृष्टि कीं शत्रूवर?

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अभ्यासकांस कलकत्त्याच्या कौन्सिलांतील वॉरन हेस्टिंग्ज व फिलिप फ्रॅन्सिस यांचें वैर सुपरिचित आहे. त्या वैराचा कडेलोट मराठ्यांच्याच प्रकरणावरून झाला. युद्धाच्या कामांत आपण आडवे येणार नाहीं असें वचन फ्रॅन्सिसनें दिलें होतें. महादजी शिंद्यांच्या मुलखावर फौज धाडण्याची वेळ आली तेव्हां तें त्यानें मोडलें, असें हेस्टिंग्जचें म्हणणें. हें म्हणणें त्यानें इतक्या कठोर शब्दांत लेखीं मांडलें कीं, त्या काळच्या इंग्रजी रिवाजाप्रमाणें द्वंद्वयुद्धावांचून दुसरा मार्ग उरला नाहीं. ता. १७ ऑगस्ट १७८० (शके १७०२) रोजीं पहांटे अलीपुराजवळ दोघे पिस्तुलें घेऊन समोरासमोर उभे राहिले. पॉपहॅमनें ग्वाल्हेरचा किल्ला घेतल्यास तेव्हां पुरता पंधरवडाही लोटला नव्हता.

या प्रसंगाची राजकारणी बाजू अनेकांनीं लिहिली आहे. आम्हांस येथें तिच्याशीं कर्तव्य नाहीं. दोघांच्या हातांत पिस्तूल होतें. तें त्यांनीं कसें उचललें, डोळा कोठें ठेवला व गोळी कोठें गेली, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्या शस्त्रानें बंगालचा गव्हर्नर-जनरल त्या सकाळीं मरूं शकला असता, त्या शस्त्राच्या वापराचें ज्ञान इतिहासकाराच्या कामाचें नाहीं असें कोण म्हणेल?

हेस्टिंग्जचा पाठीराखा कर्नल पिअर्स यानें या द्वंद्वाचा वृत्तांत लिहून ठेविला आहे. तो प्रत्यक्षदर्शी मनुष्याचा असल्यामुळें मोलाचा आहे. अंतर किती असावें असा प्रश्न निघाला, तेव्हां फ्रॅन्सिसचा पाठीराखा कर्नल वॉटसन यानें चौदा पावलें सुचविलीं. कारण नोव्हेंबर १७७९ मध्यें लंडनांत फॉक्स व ॲडम यांच्या द्वंद्वांत तसें अंतर ठेविलें होतें. पिस्तुलास हें अंतर फार आहे, असा शेरा हेस्टिंग्जनें मारला, पण हरकत घेतली नाहीं. फ्रॅन्सिसनें जन्मांत कधीं पिस्तूल झाडलें नव्हतें. हेस्टिंग्जला एकदोन वेळां झाडल्याचें स्मरत होतें. फ्रॅन्सिसनें चाप ओढला, तों दारू दमट असल्यामुळें बार उडाला नाहीं. हेस्टिंग्जनें आपलें रोखलेलें पिस्तूल खालीं घेतलें व प्रतिपक्ष्यास रंजक नीट करूं दिलें. पुढें दोघांचे बार जवळ जवळ एकदमच झाले. फ्रॅन्सिसची गोळी फुकट गेली. हेस्टिंग्जची गोळी फ्रॅन्सिसच्या उजव्या कुशींत शिरली, परंतु बरगडीनें ती वळविली व तो वांचला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो विलायतेस निघून गेला.

चौदा पावलें म्हणजे फार तर दहाबारा वार. एवढ्या अंतरावर दोन अडाणी माणसांपैकीं एकाची गोळी लागते व दुसऱ्याची लागत नाहीं, यास दैव म्हणून सोडून देतां येईल. तथापि पुढील दोनशें वर्षांत युरोप, चीन व अमेरिका या ठिकाणीं पिस्तुलाच्या उस्तादांनीं हाच प्रश्न पुनःपुन्हां विचारला: शिकाऊ मनुष्यानें पिस्तूल उपसतांना व रोखतांना डोळा कोठें लावावा, शत्रूवर कीं नळीच्या टोंकावरील माशीवर? यावर दोन पक्ष पडले, दोहोंनीं ग्रंथ लिहिले, आणि ते ग्रंथ आतां जुन्या पुस्तकांच्या संग्राहकांच्या हातीं येऊं लागले आहेत. ते वाचणारे बहुधा एका पक्षास शहाणा व दुसऱ्यास वेडा ठरवून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाच्या मतें ही चूक आहे, आणि ती ग्रंथ शस्त्रावांचून वाचल्यामुळें होते. कोणता ग्रंथ कोणत्या पिस्तुलासाठीं, किती अंतरासाठीं लिहिला हें पाहिलें, म्हणजे वादाचा मोठा भाग आपोआप गळून पडतो.

प्रथम वस्तुस्थिति. पिस्तुलाच्या नळीच्या टोंकावर एक लहानसें बोंड किंवा पातें असतें. बंदुकीप्रमाणें त्यासही माशी म्हणतात. मागच्या बाजूस एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसावी व माशीच्या माथ्यावर लक्ष्य यावें, म्हणजे नेम बसला. यांत तीन वस्तु तीन निरनिराळ्या अंतरांवर आहेत आणि मनुष्याचा डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्पष्ट पाहूं शकतो. म्हणून कोणती तरी एक वस्तु स्पष्ट ठेवून बाकीच्या दोन धूसर होऊं देणें भाग आहे. कोणती? याचें उत्तर त्रैराशिकानें निघतें. माशी व खाच यांतील अंतर दीडशें मिलिमीटर धरा. माशी खाचेंत एक मिलिमीटर बाजूस सरकली, तर पंचवीस मीटरांवर गोळी सुमारें १६७ मिलिमीटर बाजूस जाते. उलट माशी व खाच परस्परांशीं बरोबर राहून सबंध हातच दहा मिलिमीटर बाजूस सरकला, तर गोळीही दहाच मिलिमीटर सरकते. म्हणजे हात हलण्याचें भय शिकाऊ मनुष्यास वाटतें तितकें नाहीं. खरें भय मनगट वळण्याचें आहे, आणि मनगट वळलेलें माशीच सांगते. यासाठीं लक्ष्यभेदाच्या उस्तादांचा एकमुखी उपदेश असा कीं, माशी स्पष्ट दिसूं द्यावी, लक्ष्य धूसर झालें तरी चालेल. नवशिक्या याच्या उलट करतो. आपली गोळी कोठें लागली हें पाहण्याच्या उत्कंठेनें तो चाप ओढतां ओढतां दृष्टि लक्ष्याकडे फेकतो, त्याबरोबर मनगट खालीं लवतें व गोळी पायथ्याशीं जाते.

पण हेंच त्रैराशिक चार वारांवर, म्हणजे साडेतीन-पावणेचार मीटरांवर मांडून पाहा. एक मिलिमीटर चुकीस तेथें सुमारें चोवीस मिलिमीटरांचा फरक पडतो. माशी खाचेच्या बाहेर चार मिलिमीटर गेली तरी गोळी सुमारें दहा सेंटिमीटरच ढळेल; माणसाची छाती त्याहून पुष्कळ रुंद असते. अर्थात् चार वारांवर माशी पाहण्यांत जो वेळ जातो त्याचें फळ अत्यल्प, आणि पंचवीस मीटरांवर ती न पाहणें म्हणजे दारू व गोळी वायां घालविणें. दोन्ही पक्षांची भूमिका या दोन वाक्यांत येते. आतां कागदपत्र पाहूं.

अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांतील पिस्तूलबाजांविषयीं जें वाङ्मय आहे, त्यांत बखरी फार व अस्सल कागद थोडे. ता. २१ जुलै १८६५ रोजीं मिसूरी संस्थानांतील स्प्रिंगफील्ड गांवच्या चौकांत जेम्स हिकॉक यानें डेव्हिस टट यास एका गोळीनें मारिलें. अंतर सुमारें पंचाहत्तर वार सांगतात. हिकॉकवर खटला होऊन तो सुटला. १८६७ च्या फेब्रुवारींत 'हार्पर्स' मासिकांत जॉर्ज वॉर्ड निकल्स याचा लेख आला व त्यानें हिकॉकला एकदम पुराणपुरुष करून टाकलें. तेव्हांपासून असा समज रूढ झाला कीं, हा मनुष्य कमरेवरूनच, माशीकडे न पाहतां, विजेच्या वेगानें गोळी झाडीत असे. त्रैराशिक पुन्हां मांडा. हिकॉकचें आवडतें पिस्तूल कोल्टच्या कारखान्याचें १८५१ च्या नमुन्याचें 'नेव्ही' होतें. त्याची माशी व खाच यांतील अंतर सुमारें चोवीस सेंटिमीटर धरिलें, तर पंचाहत्तर वारांवर एक मिलिमीटराच्या चुकीनें गोळी वीतभराहून जास्त ढळते. एवढ्या अंतरावर कमरेवरून झाडलेली पहिलीच गोळी छातींत बसणें हा चमत्कार आहे. चमत्कारावर विश्वास ठेवण्यापेक्षां त्यानें नीट नेम धरला असें मानणें सोपें.

या 'नेव्ही' पिस्तुलाविषयीं संग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. त्याची मागील खाच नळीवर शोधूं जाल तर सांपडणार नाहीं. ती घोड्याच्या नाकावर कोरलेली असते व घोडा चढविल्यावरच डोळ्यासमोर येते. घोडा उतरलेल्या स्थितींत पेटींत ठेविलेलें पिस्तूल पाहून 'यास नेमाची सोय नाहीं' असा शेरा मारणारी यादी चुकीची समजावी. खाचेच्या या जागेवरून उपसण्याचा क्रमही कळतो: प्रथम मूठ, मग उपसतां उपसतां अंगठ्यानें घोडा, आणि त्यानंतरच नेम. याच्या उलट क्रम त्या शस्त्रांत शक्यच नाहीं.

दुसरें उदाहरण वायट अर्प याचें. १९२९ सालीं तो वारला व १९३१ सालीं स्टुअर्ट लेक यानें त्याचें चरित्र छापलें. त्यांत अर्पच्या तोंडीं एक मोठें प्रवचन घातलें आहे: जो घाई करतो तो मरतो, जो क्षणभर थांबून नेम धरतो तो जिंकतो, असा त्याचा मथितार्थ. माशीपक्षाचे ग्रंथकार हें प्रवचन वेदवाक्याप्रमाणें उद्धृत करीत आले आहेत. परंतु अर्पच्या तोंडचीं म्हणून घातलेलीं भाषणें आपण रचलीं, हें पुढें लेकनेंच कबूल केलें. म्हणजे ही बखर, आणि तीही पदरचा मजकूर घालणाऱ्या बखरकाराची. मग अर्पचा अस्सल कागद कोणता? ता. २६ ऑक्टोबर १८८१ रोजीं टूमस्टोन गांवीं झालेल्या चकमकीनंतर न्यायाधीश स्पायसर यांजपुढें चौकशी झाली. तींत अर्पनें दिलेली जबानी उपलब्ध आहे. तींत तो सांगतो कीं, पिस्तूल आपल्या डगल्याच्या खिशांत होतें. आपणावर एकानें पिस्तूल रोखलें असतां आपण त्याजवर न रोखतां फ्रँक मॅक्लॉरीवर रोखलें, कारण चांगला नेमबाज म्हणून त्याची ख्याति होती. चित्रपटांत दिसणाऱ्या मांडीवर लोंबणाऱ्या होल्स्टरचा (पिस्तुलाच्या कातडी म्यानाचा) येथें मागमूस नाहीं. तो विसाव्या शतकांतला प्रकार आहे. शस्त्र खिशांत, प्रतिपक्षी दोनचार पावलांवर, आणि मनांत प्रश्न एकच: आधीं कोणास मारावें? नेम कसा धरावा याविषयीं या जबानींत अवाक्षर नाहीं, आणि या मौनावरून कोणत्याही पक्षानें कांहीं सिद्ध करूं नये.

याहून बोलका कागद बॅट मॅस्टरसन याचा आहे. हाही डॉज सिटीचा नामांकित मनुष्य. १८८५ च्या जुलैंत त्यानें कोल्टच्या कारखान्यास एक पत्र लिहून स्वतःसाठीं पिस्तूल मागविलें. पत्र साध्या व्यापारी भाषेंत आहे. नळी आंखूड असावी, चाप हलका असावा, वर निकलचा मुलामा असावा, आणि माशी या जातीच्या नेहमींच्या पिस्तुलावर असते तिजहून किंचित् उंच व जाड असावी, असें तो बजावतो. १८७३ च्या नमुन्याच्या त्या पिस्तुलाची माशी म्हणजे एक पातळ पातें, आणि मागची खाच म्हणजे सांगाड्याच्या माथ्यावरील एक चर. घाईंत तें पातें डोळ्यास सांपडत नाहीं, हें ज्यानें तें घाईंत वापरलें त्यासच कळणार. माशीचा उपयोगच करावयाचा नसेल, तर ती जाड करून मागविण्याचें कारण काय? शंभर कादंबऱ्यांपेक्षां हें एक पत्र आम्हांस अधिक वजनदार वाटतें. कारण तें कीर्तीसाठीं लिहिलेलें नसून माल मागविण्यासाठीं लिहिलें आहे. आपल्याकडेही यादी, हिशेब, ताळेबंद यांना बखरीहून अधिक मान दिला जातो तो याच न्यायानें.

विसाव्या शतकांत वेगाची मोजदाद सुरू झाली. एड मॅक्गिव्हर्न या अमेरिकन नेमबाजानें विजेच्या घड्याळांवर आपले प्रयोग मोजले. १९३२ सालीं त्यानें रिव्हॉल्व्हरच्या पांच गोळ्या सेकंदाच्या वीस भागांपैकीं नऊ भागांत झाडल्या, आणि १९३८ सालीं आपला अनुभव एका जाड ग्रंथांत छापला. तो ग्रंथ गमतीच्या नेमबाजीचा म्हणून बाजूस सारणें योग्य नव्हे. हा विलक्षण वेगाचा मनुष्यही पिस्तुलावर ठळक सोनेरी मण्याची माशी लावीत असे, आणि त्या माशीस पुढें त्याचेंच नांव पडलें.

आतां दुसरा पक्ष. विल्यम फेअरबर्न हा १९०७ सालीं शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत दाखल झाला. शांघाय बंदर तेव्हां दरोडेखोर, अफूवाले व पळवून नेणाऱ्या टोळ्या यांनीं गजबजलेलें होतें. फेअरबर्न व त्याचा सहकारी एरिक सायक्स यांनीं तेथील अनुभवावर एक शिक्षणक्रम बसविला. १९४० सालीं दोघे इंग्लंडांत परतून कमांडो पथकांच्या शिक्षणास लागले आणि १९४२ सालीं त्यांनीं 'शूटिंग टु लिव्ह' हें लहानसें पुस्तक छापलें. साडेबारा वर्षांतील ६६६ सशस्त्र चकमकींचा आधार आपल्या मतांस असल्याचें ते सांगतात. चकमकींची संख्या म्हणजे नेमाची कसोटी नव्हे, हें खरें. तथापि लक्ष्याच्या पुठ्ठ्यावरून मतें बनविणारांपुढें हा आधार लहान नाहीं.

त्यांचें मत थोडक्यांत असें. पिस्तुलाची चकमक बहुधा चार वारांच्या आंत होते, अंधारांत होते, व मनुष्य धांवत किंवा धडपडत असतां होते. पहिली गोळी सेकंदाच्या तृतीयांशांत गेली पाहिजे. अशा वेळीं डोळा शत्रूवरून हलत नाहीं, व हलवूं म्हटल्यास हलवितां येत नाहीं. म्हणून गुडघे किंचित् वांकवून शत्रूस छाती द्यावी, हात ताठ ठेवून पिस्तूल आपल्या देहाच्या मध्यरेषेवरून सरळ वर उचलावें, आणि तें लक्ष्याच्या रेषेंत येतांच मूठ आंवळून दोन गोळ्या लागोपाठ झाडाव्या. अगदीं अंगाशीं गांठ पडली तर हात कोंपरांत वांकलेला ठेवून कमरेजवळूनच झाडावें. हें वाचून कांहीं टीकाकारांनीं त्यांस 'माशीचे वैरी' ठरविलें आहे. त्या टीकाकारांनीं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलें दिसत नाहीं. कारण लांबच्या लक्ष्यावर दोन्ही हातांनीं पिस्तूल धरून माशीनें नेम घ्यावा, असें याच पुस्तकांत स्पष्ट सांगितलें आहे. अंतर वाढलें कीं पद्धति बदलावी, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

त्यांच्या काळीं पोलिसांच्या हातीं असलेल्या स्वयंचलित पिस्तुलांच्या माशा फारच बारीक होत्या. अमेरिकन सरकारचें १९११ च्या नमुन्याचें पिस्तूल घ्या. त्याची माशी इतकी अरुंद होती कीं, पुढें १९२० नंतरच्या सुधारणेंत ती रुंद करावी लागली. संध्याकाळच्या गल्लींत असली माशी शोधा म्हणणें म्हणजे सुईच्या नेढ्यांतून चंद्र दाखविणें. शांघायकरांनीं माशी सोडली ती तत्त्वासाठीं सोडली नाहीं. ती दिसत नव्हती म्हणून सोडली, असें आम्हांस वाटतें.

उपसण्याचा त्यांचा प्रकारही शस्त्रावरूनच समजतो. पिस्तूल नळींत काडतूस न ठेवतां कमरेस लावीत, आणि उपसतांच डाव्या हातानें वरचा सरकता भाग मागें ओढून सोडीत. त्याबरोबर काडतूस नळींत शिरे. बाजूची संरक्षक कळ घाईंत विसरते म्हणून ती त्यांनीं खिळ्यानें कायमची जखडून टाकली होती. अशी कळ जखडलेलें जुनें कोल्ट पिस्तूल कोणाच्या संग्रहीं आलें, तर तें बिघडलेलें समजून लोहाराकडे नेऊं नये. तो खिळा हाच त्याचा दाखला आहे.

शांघायचा हा पंथ दुसऱ्या महायुद्धांत रेक्स ॲपलगेट याच्या द्वारें अमेरिकेंत गेला, आणि त्याचा 'किल ऑर गेट किल्ड' हा ग्रंथ १९४३ सालीं निघाला. पुढील पंधरा वर्षें तिकडे कमरेवरून झाडण्याचें बरेंच स्तोम माजलें. चित्रपटांचाही त्यास हातभार लागला असावा.

त्यास उत्तर कॅलिफोर्नियांतील बिग बेअर लेक या डोंगरी गांवांतून मिळालें. तेथें १९५० नंतरच्या दशकांत जेफ कूपर या निवृत्त नौसैनिक अधिकाऱ्यानें पिस्तुलाच्या शर्यती भरविण्यास आरंभ केला. शर्यत साधी: दोघे शेजारीं उभे, प्रत्येकाचें लक्ष्य सात वारांवर, इशारा होतांच उपसून झाडावयाचें. प्रारंभीं बहुतेक स्पर्धक एका हातानें कमरेवरून झाडीत. पहिली गोळी चटकन निघे, पण लागत नसे. मग दुसरी, तिसरी. लॉस एंजेलिसच्या शेरिफच्या खात्यांतील जॅक वीव्हर यानें दोन्ही हातांनीं पिस्तूल डोळ्यांपर्यंत आणून माशीनें नेम धरण्याचा परिपाठ ठेवला व १९५९ सालीं तो जिंकला. त्याची पहिली गोळी उशिरां निघे, पण तीच लागे. कूपरच्या तें ध्यानांत आलें व त्यानें आपलें मत बदललें. पुढें त्यानें या पद्धतीचें शास्त्र बनविलें आणि १९७६ सालीं ॲरिझोनांत शाळा काढली.

कूपरच्या शास्त्रांत दोन गोष्टी मुख्य. पहिली, नेमाचें 'क्षणदर्शन': माशी घासून पुसून पाहावयाची नाहीं, वीज चमकावी तशी ती खाचेंत क्षणभर दिसली कीं पुरे. दुसरी, पिस्तूल 'उपसणें' हा शब्दच त्यास मान्य नाहीं; तो त्यास 'रोखणें' म्हणतो, कारण क्रिया म्यानांतून निघण्यानें संपत नाहीं, लक्ष्यावर स्थिर होण्यानें संपते. ही दुसरी गोष्ट आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे.

कारण शिकाऊ मनुष्याचा समज असा असतो कीं, उपसण्याचा वेग हाताच्या झपाट्यांत आहे. तसें नाहीं. पिस्तूल म्यानांत असतांनाच मूठ पूर्ण बसली पाहिजे. अंगठा व तर्जनी यांमधील बेचकें मुठीच्या पाठीवर जितकें उंच जाईल तितकें न्यावें, आणि तर्जनी सरळ, चापाच्या कडीबाहेर. पिस्तूल म्यानाबाहेर सरळ वर निघालें कीं नळी लक्ष्याकडे वळते व हात बरगडीशीं असतो. छातीसमोर डावा हात येऊन उजव्यास मिळतो, तेणेंकरून डावा हात कधींही नळीपुढें येत नाहीं. मग दोन्ही हात मिळून पिस्तूल पुढें ढकलतात. इतका वेळ डोळा लक्ष्यावर खिळलेला. पिस्तूल दृष्टिरेषेंत शिरतें त्या शेवटच्या हातभर अंतरांत डोळा लक्ष्यावरून माशीवर येतो, आणि बोट चापावर जातें तें तेव्हां, त्यापूर्वीं नाहीं. मूठ प्रथमच बरोबर बसली असेल तर माशी खाचेंत आपोआप येऊन बसलेली दिसते. मूठ वांकडी असेल तर ती शोधावी लागते, आणि शोधण्यांत जो वेळ जातो तो हाताच्या कोणत्याही झपाट्यानें भरून निघत नाहीं. म्हणून जुने उस्ताद रिकाम्या पिस्तुलानें, तें रिकामें असल्याची दोनदां खात्री करून, भरींव भिंतीसमोर हा क्रम सावकाश शेंकडों वेळां करवून घेत. वेग मागाहून येतो. फेअरबर्नचा शिकाऊ मध्यरेषेवरून हात उचलण्याचा सराव करीत असे तो याचसाठीं. डोळ्याच्या बाबतींत दोघांचें जुळत नसलें, तरी हाताच्या बाबतींत शांघाय व कॅलिफोर्निया यांत वाद नाहीं. नेम डोळ्यांत ठरण्यापूर्वीं मुठींत ठरतो. आपल्या भाषेंत नेमास 'शिस्त' म्हणतात. तो शब्द फारसी 'शस्त' यावरून आला असून त्याचा मूळ अर्थ अंगठा, त्यावरून तिरंदाजाची अंगठी, व त्यावरून नेम. शब्दानेंही हाताचीच बाजू घेतलेली आहे, हें येथें नमूद करावेंसें वाटतें.

कूपरनंतर कोंपर वांकवावे कीं दोन्ही हात सरळ ठेवावे, असा एक पोटवाद १९८० नंतरच्या स्पर्धांतून निघाला. त्याचा येथें विस्तार करीत नाहीं. अधिक महत्त्वाचा पुरावा सरकारी दप्तरांतला आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराची तपासणी रँड संस्थेनें केली व २००८ सालीं अहवाल छापला. १९९८ ते २००६ या काळांत, समोरून गोळ्या येत असतां पोलिसांनीं झाडलेल्या गोळ्यांपैकीं शेंकडा १८ लागल्या. समोरून गोळ्या येत नसतांना शेंकडा ३०. हीं माणसें शिकविलेलीं होतीं. माशीपक्ष म्हणतो कीं त्यांनीं माशी पाहिली नाहीं. शत्रुपक्ष म्हणतो कीं असल्या वेळीं माशी पाहतां येतच नाहीं, म्हणून न पाहतां झाडण्याचेंच शिक्षण द्यावें. आकडे एवढेंच सांगतात कीं पांचांपैकीं चार गोळ्या दुसरीकडे कोठें तरी गेल्या, आणि शहराच्या रस्त्यांत 'दुसरीकडे' माणसें असतात. या वादास केवळ पंडिती वाद म्हणून हंसण्यावारीं नेतां येत नाहीं तें यामुळें. आमचा कल कूपरकडे आहे. परंतु हातघाईच्या अंतरापुरता शांघायचा अनुभव खोटा ठरविण्याजोगा पुरावा आम्हीं तरी पाहिलेला नाहीं.

अलीकडे या वादाची भूमिच बदलत आहे. पिस्तुलाच्या पाठीवर एक लहान कांच बसवितात. तींत एक तांबडा ठिपका दिसतो व तो लक्ष्याच्याच अंतरावर असल्याप्रमाणें भासतो. त्यामुळें डोळा शत्रूवर ठेवूनही नेम धरतां येतो. अमेरिकन लष्करानें २०१७ सालीं जें नवें पिस्तूल पत्करलें, त्यावर अशा कांचेसाठीं जागा करून ठेविलेली आहे. चाळिशीनंतर ज्यांना हातभर अंतरावरची माशी धूसर दिसूं लागते त्यांची यानें मोठी सोय झाली आहे. तरीही मूठ वांकडी बसली तर कांचेंत ठिपका सांपडत नाहीं व तो हुडकीत बसावें लागतें, अशी नव्या शिकाऊंची तक्रार असते.

जुन्या पिस्तुलांची यादी करणारांनीं नळीची लांबी, कारागिराची मुद्रा व नक्षी यांबरोबर माशीचीही नोंद करावी, ही विनंती आहे. ती कोणत्या धातूची, किती रुंद, मूळची कीं मागाहून डांख देऊन बसविलेली, कानशीनें घासलेली आहे काय, आणि मागची खाच नळीवर आहे, सांगाड्यावर आहे कीं घोड्यावर, एवढें लिहिलें तरी पुरे. म्यान उपलब्ध असल्यास तें पिस्तुलापासून तोडून निराळ्या कपाटांत ठेवूं नये. कातड्याच्या आंतल्या बाजूस माशीनें पडलेला चर पाहून तें पिस्तूल त्या म्यानांतून वारंवार उपसलें जात होतें कीं नुसतें लटकत होतें, हें सांगतां येतें.